सभेत बोलतो तो घरातलाच माणूस

इमारतीतल्या रहिवाशांची सभा होती. विषय साधा होता: जिन्यातल्या दिव्यांचा खर्च. खजिनदार वयस्कर गृहस्थ, त्यांना खिशातला चष्मा सापडेना, आणि तेवढ्यात माझा आवाज चढला. "हिशेब ठेवता येत नसेल तर पद घेता कशाला?" प्रश्न बरोबर की चूक हे बाजूलाच राहिलं, सभा तिथेच विस्कटली. घरी परतताना जिन्यात ताई एवढंच म्हणाली, "अगदी बाबांसारखा बोललास. महिनाअखेरीला आईची वही तपासताना बोलायचे ना, तस्सा."

मी चिडलो, पण तिचं खरं होतं. वाक्य बाबांचं, स्वरही बाबांचा, आणि समोरच्या माणसाला आईसारखंच काही सुचेनासं झालं होतं.

चारचौघांत भांडायचं कसं, गप्प कधी बसायचं, कोणाला घाबरायचं, हे आपण नागरिक होण्याच्या कितीतरी आधी घरात शिकून बसलेलो असतो. त्यामुळे सार्वजनिक कामात नीट वागायचं असेल तर सरावही घरातच करावा लागतो. तो कसा करायचा, ते पुढे पायरीपायरीने लिहिलं आहे. मतदान करणं, सभेला जाणं, तक्रार नोंदवणं, शाळेच्या पालकसभेत तोंड उघडणं, शेजाऱ्यांसोबत एखादं काम उचलणं, हे सगळं मी 'नागरी सहभाग' या जड शब्दात धरतो. तो निकोप आहे की नाही हे ओळखायला मी तीन गोष्टी बघतो: मतभेद होऊनही बोलणं सुरू राहतं का, बाहेरचा राग घरावर निघतो का, आणि माणूस वर्षभरानंतरही त्या कामात दिसतो का.

पायरी १: वादात आपण कुठली जागा घेतो ते शोधा

घरात वाद पेटला की प्रत्येक जण न सांगता आपापली जागा धरतो. कोणी आवाज चढवतं, कोणी विनोद करून विषय बदलतं, कोणी आतल्या खोलीत निघून जातं, कोणी दोन्हीकडचे निरोप पोचवतं. आणि कोणीतरी, बहुधा थोरलं मूल, मागाहून सगळं निस्तरतं.

एक कागद घ्या. घरातले अलीकडचे तीन वाद आठवा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: ठिणगी कशावरून पडली, पहिल्या मिनिटात मी काय केलं, वाद कोणी मिटवला, आणि नंतर मी त्याबद्दल कोणाजवळ बोललो. मग हेच चार प्रश्न एखाद्या सभेतल्या किंवा कार्यालयातल्या वादाबद्दल सोडवा. उत्तरं इतकी जुळतात की जरा ओशाळायला होतं.

चौथ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबांचं निरीक्षण करताना 'त्रिकोणा'ची कल्पना मांडली: दोघांमधला ताण सहन होईनासा झाला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात. त्यामुळे तात्पुरतं हलकं वाटतं, मूळ भांडण मात्र जिथल्या तिथे राहतं. आई मुलाजवळ वडिलांबद्दल बोलते, आणि मूल दोघांच्या मध्ये सापडतं. सार्वजनिक कामातही हेच चालतं. भांडण अध्यक्षांशी, पण फोन सचिवांना. आपण त्याला कान भरणं म्हणतो. चांगले गट मोडलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांतले बरेचसे तत्त्वाच्या मुद्द्यावर मोडले नव्हते, अशा फोनांवरच मोडले होते.

इलाज अवघड वाटतो, पण आहे सोपा. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याशी दोन दिवसांत स्वतः बोलायचं. आणि कोणी तुमच्याकडे तिसऱ्याची तक्रार घेऊन आलं, तर ऐकून घ्यायचं आणि विचारायचं, "हे त्यांना सांगितलंस का? सोबत येऊ का मी?" हे आधी घरात करून बघा. पहिल्यांदा लोक बिचकतात, क्वचित चिडतातही. म्हणतात, "तुला सांगून उपयोग नाही." काही आठवडे तग धरा.

मग आपापल्या जागेप्रमाणे एक उलटी सवय निवडा, एकच. गप्प बसणाऱ्याने सभेच्या पहिल्या दहा मिनिटांत एक तरी प्रश्न विचारायचा; "हे पुन्हा सांगाल का?" एवढाही चालतो. जितका उशीर तितकं तोंड उघडणं कठीण. मध्यस्थाने समेट घालण्याआधी स्वतःचं मत एका वाक्यात सांगायचं, कारण आपल्यालाही मत असतं हेच बरेच मध्यस्थ विसरलेले असतात. निस्तरणाऱ्याने प्रत्येक वेळी एक काम मुद्दाम दुसऱ्यासाठी सोडायचं, आणि ते वाकडंतिकडं झालं तरी हात लावायचा नाही. आवाज चढवणाऱ्याने (म्हणजे मी) पहिलं वाक्य कागदावरून वाचायचं. कागद हातात असला की आवाज आपोआप खाली येतो, का ते मला नीट सांगता येणार नाही.

बोवेन यांची आणखी एक कल्पना इथे कामाची आहे. नातं न तोडता आपलं मत राखणं, आणि मत न सोडता नातं राखणं, ही क्षमता कमीजास्त असते आणि ती वाढवता येते. मत गिळणं आणि संबंध तोडणं हे वरवर परस्परविरुद्ध दिसतात, पण दोन्हींमागे ताण सहन न होणं हे एकच कारण असतं.

एक सावधगिरी मात्र हवी. ही तपासणी फक्त स्वतःची करायची. विरोधकाला "तुझं लहानपणच तसं गेलं" असं सुनावणं म्हणजे मानसशास्त्राचा दगड करून फेकणं. शिवाय सभेत गप्प बसलेली प्रत्येक व्यक्ती बालपणामुळे गप्प नसते. बोललं तर नोकरी जाईल किंवा घरमालक घर रिकामं करायला सांगेल, ही भीती खरी असू शकते. तिथे बदल नियमांत हवा, माणसाच्या मनात नव्हे.

पायरी २: घरात बोलणं कसं चालतं ते ऐका

स्टीव्हन चॅफी आणि जॅक मॅक्लाउड या संवाद-अभ्यासकांनी कुटुंबांकडे पाहताना दोन प्रश्न वेगळे केले. घरात सलोखा आणि मोठ्यांचं ऐकण्यावर किती भर आहे? आणि मुलांनी स्वतःचं मत मांडण्यावर किती? हे दोन्ही एकाच तराजूची पारडी नाहीत, हा त्यातला महत्त्वाचा भाग. शिस्तही कडक आणि वादही मोकळे, असं घर असू शकतं. शिस्त नाही आणि बोलणंही नाही, प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये डोकं घालून, असंही असतं.

आठवडाभर फक्त ऐका. बातमीवर कोणी काही बोललं की पुढचं वाक्य कोणाचं असतं आणि ते प्रश्न असतं की निकाल? "तुला काय कळतंय" किती वेळा येतं? मोठ्या माणसाने "माझं चुकलं" किंवा "मला माहीत नाही" शेवटचं कधी म्हटलं?

मुलांनी आपलीच मतं घ्यावीत ही धडपड तशी फार फळत नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे पालक, दोघांनाही प्रश्न विचारून एक मोठी पाहणी झाली. पक्षनिष्ठा बऱ्यापैकी वारशाने आलेली दिसली, पण बाकीच्या प्रश्नांवरची मतं फारच सैलपणे. माझा निष्कर्ष असा की मत पोचवण्यापेक्षा बोलायची रीत पोचवण्यावर जोर खर्चावा.

पायरी ३: घरची सभा घ्या

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी लिपिट व व्हाइट यांनी १९३९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट, हस्तकलेची कामं, आणि प्रत्येक गटाला वेगळ्या तऱ्हेने वागणारा मोठा माणूस. हुकूम सोडणाऱ्याच्या हाताखाली काम भरपूर होई, पण तो खोलीबाहेर गेला की कामाला ओहोटी लागे. जिथे चर्चा करून ठरत असे, तिथे मोठा माणूस बाहेर गेला तरी मुलं जवळजवळ तशीच काम करत राहत. वडील घरात नसताना घर कसं चालतं, हा प्रश्न तेव्हापासून मला बराच बोलका वाटतो.

दिवस आणि वेळ ठरवा, पंधरवड्यातून एकदा पुरे. अर्धा तास, जास्त नाही. विषय आधीच एका कागदावर लिहून ठेवायचे आणि तो कागद सगळ्यांचा हात पोचेल अशा उंचीवर लावायचा, सगळ्यात लहान सदस्याचाही. अध्यक्ष दर वेळी बदलेल. एक जण नोंद लिहील. फोन दुसऱ्या खोलीत.

खरी मेख विषय निवडण्यात आहे. ज्याचा निर्णय तुम्ही मनातल्या मनात आधीच घेतलेला आहे तो विषय सभेपुढे ठेवू नका. मुलांना हे लगेच कळतं, आणि 'सहभाग म्हणजे मोठ्यांचं नाटक' हा धडा ती कायमची शिकतात. मोठेपणी सरकारी जनसुनावणीला जाऊन आपण जो कोरडेपणा अनुभवतो, तो हाच. म्हणून विषय लहान असला तरी चालेल, पण अधिकार खरा हवा. सुट्टीचा एक दिवस कसा घालवायचा, कोणती कामं कोणाकडे, बैठकीच्या खोलीत काय ठेवायचं आणि काय काढायचं. सुरक्षितता, औषधपाणी, शाळेत जायचं की नाही, हे मतदानाला नाही. "हे आम्ही ठरवणार, पण का ते विचारता येईल," असं सरळ सांगावं. मर्यादा उघड सांगितलेली लोकांना चालते, लपवलेली चालत नाही.

मतदान शेवटी. चार माणसांच्या घरात दर वेळी तीन विरुद्ध एक होऊ लागलं आणि तो एक नेहमी तोच असेल, तर आकडे बरोबर असूनही घर चुकतं आहे. अशा वेळी हरलेल्याला विचारायचं, "यातलं काय बदललं तर तुला चालेल?" अल्पमताशी कसं वागायचं हे नागरिकशास्त्राच्या धड्यातून कळतं, अंगवळणी मात्र इथेच पडतं.

आमच्या पहिल्या सभेची नोंद नऊ वर्षांच्या भाचीने लिहिली होती. ती अजून आहे. "विषय १: कपाट. आजीला हवं. मामाला नको. विषय २: झाला नाही. मामा मध्ये तीनदा बोलला. आई एकदा. आजी झोपली." मी 'तीनदा' खोडायला सांगितलं. अध्यक्ष ताई होती. ती म्हणाली, नोंदीत जे झालं तेच राहील. हरकत असेल तर पुढच्या सभेत मांड.

मांडली. फेटाळली गेली.

पुढच्या सभेची सुरुवात नेहमी मागच्या नोंदीपासून करा: ठरलं ते झालं का? हे गाळलं की सभेची गप्पांची बैठक होते. तीन-चार सभांनंतर उत्साह ओसरतो, तेव्हा वेळ पंधरा मिनिटांवर आणा पण खाडा करू नका.

ज्या घरात मारहाण, धाक किंवा छळ आहे, तिथे हे करू नये. तिथे मोकळं बोलण्याची किंमत नंतर बंद दाराआड वसूल केली जाते. त्या घराला सभा नको, बाहेरची मदत हवी.

पायरी ४: बाहेरचं पहिलं काम लहान निवडा, आणि ते पूर्ण करा

"आपल्या बोलण्याने काय होणार?" हे आळसाचं वाक्य वाटतं, पण अनेकदा ते अनुभवाचं असतं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. काहीही केलं तरी विजेचे धक्के थांबत नाहीत असा अनुभव आलेले बरेच कुत्रे, पुढे सुटकेचा मार्ग खुला असतानाही जागचे हलले नाहीत. या हतबलतेला त्यांनी 'शिकलेली' म्हटलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यांनीच मेंदूच्या नव्या अभ्यासावरून आपलं म्हणणं फिरवलं: दीर्घकाळच्या त्रासापुढे निष्क्रिय होणं ही प्राण्याची मूळ प्रतिक्रियाच असते, शिकावी लागते ती 'माझ्या करण्याने फरक पडतो' ही जाणीव. शास्त्रज्ञांनी स्वतःचाच गाजलेला सिद्धान्त असा उलटा करणं मला फार आवडतं. आपल्यापुरता अर्थ हा की ही जाणीव उपदेशाने येत नाही, एखादं काम आपल्या हातून तडीस गेलं की येते.

म्हणून भ्रष्टाचार संपवायला निघू नका. रस्त्यावरचा बंद दिवा घ्या. अर्जात चार गोष्टी: नेमकी जागा (खांबावर क्रमांक असेल तर तो), कधीपासून बंद, त्यामुळे काय होतं, आणि एकच मागणी. राग, उपरोध, देशाची एकूण स्थिती, सगळं वगळा. पोच घ्या, तारीख वहीत लिहा, पाठपुराव्याचा दिवस त्याच वेळी ठरवा. अर्ज मुलांसमोर लिहा. दिवा लागला तर ते बघतील; नाही लागला आणि तुम्ही ठरल्या दिवशी पुन्हा गेलात, तर तेही बघतील.

"कोणीतरी तक्रार केलीच असेल" यावर विसंबू नका. जॉन डार्ली आणि बिब लताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात, शेजारच्या खोलीतल्या माणसाला अपस्माराचा झटका आल्याचं इंटरकॉमवर ऐकणाऱ्यांना, ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटलं तेव्हा बोलणं संपायच्या आत ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. माणसं निर्दय नव्हती, जबाबदारी वाटली गेली होती. गटात काम सांगताना "कोणीतरी बघा" म्हणू नका. नाव घ्या, दिवस सांगा.

मतदानाचंही असंच आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीआधी काही मतदारांना फोनवर विचारलं गेलं: किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल? एवढ्यानेच मतदान वाढलं. गंमत अशी की परिणाम दिसला तो एकच मतदार असलेल्या घरांत. जिथे एकाहून अधिक मतदार होते तिथे फारसा फरक पडला नाही, बहुधा त्या घरांत "किती वाजता निघायचं?" हे आधीच बोललं जात असावं. दोन मतदारांच्या घरांवरच्या दुसऱ्या एका प्रयोगात, दार उघडणाऱ्याला केलेल्या आवाहनाचा सुमारे ६० टक्के परिणाम आतल्या, न भेटलेल्या माणसापर्यंतही पोचल्याचं दिसलं. तेव्हा आदल्या रात्री भाषण नको. वेळ ठरवा, आणि एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्यालाही विचारा.

पायरी ५: बोलायच्या आधी राग मोजा

सभेच्या आधी किंवा संदेश पाठवण्याआधी स्वतःला विचारा: हा राग दहापैकी किती, आणि विषय दहापैकी किती मोठा? जिन्यातल्या दिव्यांचा हिशेब दोनाचा विषय. माझा राग आठाचा होता. मधले सहा कुठून आले, ते ताईने सांगितलं. असे जास्तीचे गुण दिसले की त्या दिवशी फक्त प्रश्न विचारायचे, आरोप नाही.

दुसरं, एकटे जाऊ नका. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत, रेघांची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही बाकी सगळे एकमुखाने चुकीचं उत्तर देत आहेत म्हटल्यावर, लोकांनीही सुमारे एक तृतीयांश वेळा तेच चुकीचं उत्तर दिलं. गटातल्या एकाने खरं उत्तर दिलं की हे प्रमाण आधीच्या पाव हिश्श्याच्या आसपास येई. एक माणूस पुरतो. सभेआधी त्या माणसाशी बोलून घ्या. त्याने दुजोराच द्यावा असं नाही. "यांचं पूर्ण ऐकून घेऊ" एवढं तो म्हणाला तरी भागतं.

पायरी ६: जवळच्या माणसाशी राजकारणावर बोलायचं असेल तर

फोनवरच्या घरच्या गटावर काही लिहिण्याआधी एवढं ध्यानात ठेवा: हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास शाळकरी मुलांना चित्रकार क्ली आवडणारे आणि चित्रकार कँडिन्स्की आवडणारे असं, खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखं, वाटलं. एवढ्यावर मुलं 'आपल्या' गटाला झुकतं माप देऊ लागली. चित्रकारावरून एवढं होतं, तर पक्षावरून काय होईल?

त्यामुळे जेवताना सगळ्यांसमोर नको, दोघंच असताना बोला. काकांना पटवायला बसू नका, त्यांना तसं का वाटतं ते विचारा आणि त्यामागचा एखादा प्रसंग विचारा. मग स्वतःचा एक प्रसंग सांगा, आकडा नाही. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दारोदार जाऊन अशाच सुमारे दहा मिनिटांच्या गप्पा झाल्या. "तुम्हाला कधी वेगळं म्हणून हिणवलं गेलं?" असं विचारत पारलिंगी व्यक्तींबद्दलच्या पूर्वग्रहावर बोलणं झालं, आणि त्याचा परिणाम तीन महिन्यांनीही मोजता आला. परक्याशी हे जमतं तर घरात अवघड का जातं? परक्याशी तीस वर्षांचा जुना हिशेब नसतो म्हणून. बोलणं त्या हिशेबाकडे वळलं की थांबा. "हे आपलं दुसरं भांडण आहे, ते नंतर," एवढं म्हटलं तरी पुष्कळ वाचतं.

पायरी ७: घराशी तास ठरवून घ्या

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याचं कौतुक बाहेर होतं, पीठ घरातलं संपतं. आठवड्याचे किती तास बाहेर द्यायचे ते घरच्या सभेत ठरवा आणि लिहून ठेवा. कोणत्या रात्री फोन उचलणार नाही तेही. बाहेर लोकशाहीसाठी झगडणारा माणूस घरी आल्यावर "माझ्या कामात बोलू नका" म्हणतो, तेव्हा घरातलं मूल दोन्ही गोष्टी शिकतं आणि दुसरी जास्त नीट शिकतं.

थकव्याच्या खुणा ओळखा: झोप उडणं, लोकांचा तिटकारा येणं, आपण सोडून सगळे नालायक वाटणं. तिसरी दिसली की महिनाभर पद सोडा, काम दुसऱ्याला शिकवा. तुमच्याशिवाय गट चालला नाही, तर तो गट तुम्ही बांधलाच नव्हता.

खजिनदारांकडे मी पुढच्या सभेच्या आधी गेलो, ताईला घेऊन. माफी मागितली. ती त्यांनी "असू दे, असू दे" म्हणत घाईघाईने संपवली. मग पिशवीतून बिलं काढली, महिन्यांप्रमाणे दोऱ्याने बांधलेली. दोन महिन्यांच्या दिव्यांच्या खर्चाचा मेळ त्या दिवशीही लागला नाही. त्यांनी पेन्सिलीने तिथे गोल केला आणि वही माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "हे तुम्ही शोधा. सभेत मी सांगतो, तुम्ही शोधताय म्हणून."

अजून शोधतो आहे.